अठरा लाख खात्यात, गोळी दिवसाआड

रुग्ण पुरुष, वय ५८. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३२ वर्षं मशीनवर काम, सप्टेंबर २०२४ अखेर निवृत्त. बिडी-तंबाखू नाही. नऊ वर्षांपासून रक्तदाब, रोजची एकच गोळी, त्यावर दाब १३० ते १३६ च्या दरम्यान ठरलेला. मानेवाडा भागात स्वतःचं घर, वरची एक खोली भाड्याने. घरात नवरा-बायको दोघंच. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी वर्ध्याला दिलेली. नाव-गाव सांगायची गरज नाही. मी त्यांना काकाजी म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

मे २०२५ मध्ये ते आले तेव्हा दाब १६४/९८ होता. पाच मिनिटं बसवून पुन्हा घेतला, १६०/९६. तक्रार एवढीच की डोकं जड राहतं आणि पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. मे महिन्यात नागपुरात झोप न येणाऱ्यांची माझ्याकडे रांगच असते, म्हणून आधी कूलरचं विचारलं. "लावतो जी, पण ताट्या जुन्याच हायेत औंदा," म्हणाले. ताट्या म्हणजे कूलरच्या बाजूंना लावतात ते पाणी झिरपणारे पडदे. ते त्या क्षणी मी मनावर घेतलं नाही, पण एक गोष्ट खटकली. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घाम जातो, त्यामुळे बहुतेकांचा दाब थोडा खालीच राहतो आणि थंडीत चढतो. यांचा उलटा चालला होता.

ठरलेला दाब बिघडला की डोस वाढवण्याआधी गोळी पोटात जातेय का ते बघायचं, हा साधा नियम आहे. विचारलं तर काकाजी म्हणाले, घेतो. शेजारी काकू बसल्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी पिशवीतून एक दोनशेपानी वही काढून माझ्या टेबलावर ठेवली.

या वहीबद्दल सविस्तर सांगतो, कारण निदान तिच्यातच होतं. डाव्या पानावर घरखर्च: दूध, सांभार (कोथिंबीर) दहा, सिलिंडर, भिशी हजार. उजव्या पानावर, मुलाने पाठवलेल्या मशीनवर घेतलेला काकाजींचा दाब, तारखेसकट. दोन्ही एकाच वहीत यायचं कारण काटकसर, दुसरं काही नाही. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यांत डाव्या पानावर दर महिन्याला "बीपी गोळ्या २ पत्ते" अशी नोंद दिसत होती. पत्ता पंधरा गोळ्यांचा, म्हणजे हिशेब बरोबर. जानेवारीपासून तिथे "१ पत्ता" लिहिलेलं. फेब्रुवारीत तेच, मार्चमध्ये तेच. रविवारचं अर्धा किलो मटण फेब्रुवारीपासून गायब. पेपर बंद. कूलरच्या ताट्या, ज्या दर वर्षी मार्चअखेर बदलल्या जात, त्यांची नोंदच नाही. उजव्या पानावरचे आकडे जानेवारीपासून हळूहळू वर सरकत गेलेले.

जानेवारीत काय झालं? डिसेंबरच्या शेवटी पीएफ जमा झाला होता.

आकडे सांगितल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १९,५०० रुपये. ग्रॅच्युइटीचा हिशेब कायद्याने ठरलेला: पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि जितकी वर्षं नोकरी तितक्यांनी पुन्हा गुणायचं. ते झाले ३ लाख ६० हजार. पीएफ साडेचौदा लाख. एकूण १८ लाख १० हजार. या माणसाच्या खात्यात आयुष्यात कधी एका वेळी साठ हजारांवर रक्कम राहिली नव्हती. पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, महिना ३,९०० रुपये. बत्तीस वर्षांच्या नोकरीवर एवढीच कशी, असं वाचणाऱ्याला वाटेल; पण पेन्शनसाठी पगार २०१४ पर्यंत ६,५०० आणि नंतर १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो, त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराची पेन्शन याच घरात येते. खोलीचं भाडं साडेतीन हजार.

निवृत्तीआधी हातात येणारा पगार अठरा हजारांच्या आसपास होता. त्यात घर चालत होतं, गोळ्या रोज होत्या, रविवारी मटण होतं, संध्याकाळी चौकातल्या टपरीवर मित्रांचा चहा होता आणि पाळीने पैसे देणं होतं. आता अठरा लाख होते आणि यातलं काहीच नव्हतं. गोळी दिवसाआड घेतल्याने वाचत होते महिन्याला जेमतेम दीडशे रुपये.

मी जरा चिडूनच विचारलं, एवढा पैसा असताना गोळीत कसली काटकसर? त्यांचं उत्तर मी तेव्हाच कागदावर उतरवून घेतलं. "पगार होता तवा गेलेला पैसा एक तारखेले वापस ये. आता गेला तं गेलाच ना जी."

त्यांनी मनाशी भागाकारही केलेला होता. त्र्याऐंशीपर्यंत जगलो तर पंचवीस वर्षं, म्हणजे तीनशे महिने. अठरा लाखांना तीनशेने भागलं की महिन्याला सहा हजार. पैसा बचत खात्यातच पडून होता, त्यामुळे व्याजाचा विचार त्या भागाकारात नव्हता. शिवाय त्या अठरा लाखांतून दवाखान्यासाठी म्हणून मोठा वाटा आधीच बाजूला काढलेला, कारण शेजाऱ्याच्या बायपासचं बिल त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग राहिलेल्याला पुन्हा तीनशेने भागायचं. असं करत करत माणूस महिन्याला तीन-साडेतीन हजारांवर येऊन पोचतो आणि त्याला खरोखरच वाटू लागतं की आपण गरीब झालो.

आठवड्यातून एकदा ते बँकेत जाऊन पासबुक छापून आणत. छापायला काहीच नसलं तरी. प्लास्टिकच्या खोळीत ठेवलेलं ते पासबुक त्यांनी मलाही दाखवलं. शेवटच्या पानावर रकमेत फरक फक्त तीन-तीन महिन्यांनी जमा झालेल्या व्याजाचा आणि मधल्या बारीकसारीक काढलेल्या पैशांचा. काढलेल्या प्रत्येक रकमेपुढे पेनाने छोटी फुली. पगार असताना त्यांनी पासबुक वर्षवर्ष उघडलं नव्हतं.

त्यात मागणारे आले. मेहुण्याने उमरेड रोडवरचा प्लॉट आणला, "आरएल झालेला आहे, वर्षात दुप्पट" या वाक्यासकट. आरएल म्हणजे प्लॉट वैध असल्याचं नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र. ते खरोखर आहे की नाही हे बघायला मेहुणे तयार नव्हते आणि काकाजी विचारायला लाजत होते. मुलाला पुण्यात फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पाच लाख हवे होते. मुलगा वाईट नाही. दर महिन्याला आईला फोनवर दाब विचारतो, मशीनही त्यानेच पाठवलं. पण "बाबा, पैसा नुसता पडून आहे" हे त्याचं वाक्य बापाला रात्री तीन वाजता ऐकू यायचं. मेहुणे प्लॉट घेऊन आले त्या रविवारी वहीत १७२/१०० लिहिलेलं आहे. एका आकड्यावरून सिद्धांत मांडण्यात अर्थ नाही, पण तो आकडा काकूंनी दोनदा अधोरेखित केला होता.

पैशाने सुख येतं का, यावर जगात भरपूर मोजमाप झालंय. डॅनिएल काहनेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेल विजेत्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाखांवर उत्तरांवरून मांडलं की, रोजच्या मनःस्थितीतला आनंद वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपासच्या उत्पन्नापर्यंत वाढतो आणि पुढे थांबतो. पुढे मॅथ्यू किलिंग्सवर्थ या संशोधकाच्या आकड्यांतून वेगळंच दिसलं, आणि २०२३ मध्ये काहनेमननी त्यांच्यासोबतच बसून नवा निष्कर्ष काढला: बहुतेकांचा आनंद उत्पन्नासोबत वाढतच जातो, थांबतो तो मुळात सर्वांत दुःखी असलेल्या थोड्या लोकांचा. हे सगळे अभ्यास उत्पन्नाचे, म्हणजे दर वर्षी येत राहणाऱ्या पैशाचे आहेत. काकाजींच्या हातात आला तो साठा. घरात दोन्हीला आपण पैसाच म्हणतो, पण अंगावर दोन्हीचा परिणाम एक नाही, असं मला या प्रकरणानंतर ठामपणे वाटतं.

साठ्याचा अभ्यास बघायचा तर स्वीडनच्या लॉटरी विजेत्यांचा बघावा लागतो. २०१६ मध्ये आलेल्या कामात मोठ्या बक्षिसाने प्रौढांच्या तब्येतीत जवळपास काहीच फरक दिसला नाही. २०२० मध्ये त्याच प्रकारच्या विजेत्यांना बक्षिसानंतर पाच ते बावीस वर्षांनी विचारलं, तेव्हा आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं आणि टिकलेलं होतं. रोजचा आनंद आणि मानसिक स्वास्थ्य यांत फरक त्याहून कमी. म्हणजे एकरकमी पैसा माणसाला बिघडवतोच असं नाही. पण स्वीडनमध्ये म्हातारपणची पेन्शन आणि दवाखाना यांची काळजी सरकारने आधीच घेतलेली असते, बक्षीस त्या वर येतं. मानेवाड्यातल्या घरात तीच रक्कम पेन्शन, तीच दवाखाना, तीच मुलाचा फ्लॅट आणि तीच मेल्यानंतरचा खर्च.

काकाजींची अवस्था मला त्यापेक्षा तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांशी जास्त जुळणारी वाटली. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ४६४ शेतकऱ्यांना ऊस तुटण्याआधी, हात तंग असताना, आणि पैसे आल्यावर अशा दोन्ही वेळी बुद्धीच्या साध्या चाचण्या दिल्या होत्या. तोच शेतकरी, तंगीत असताना चाचणीत कमी पडला. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. शेतकऱ्याला निदान हंगाम संपला की सुटका होती. काकाजींनी अठरा लाख खात्यात ठेवून कायमची तंगी ओढवून घेतली होती, आणि तिला हंगाम नव्हता.

मनःस्थितीसाठी आम्ही नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी वापरतो. तिच्यात ११ गुण आले. दहा ते चौदा गुणांना मध्यम नैराश्य धरतात. निवृत्तीनंतरची पोकळी त्यात होतीच, कंपनीची बस चुकल्यासारखं सकाळी साडेसहाला अस्वस्थ होणं होतं. तरी सगळा दोष निवृत्तीला देता येईना, कारण ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे काम सुटलेलं पण पैसे यायचे होते त्या तीन महिन्यांत, वहीतले आकडे ठीक होते आणि गोळ्यांचे पत्तेही दोन होते. नैराश्याची औषधं लगेच सुरू केली नाहीत. सहा आठवडे थांबू, नाही उतरलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो, असं दोघांना सांगितलं. रक्तदाबाच्या गोळीचा डोसही वाढवला नाही, कारण जी गोळी अर्धीच पोटात जातेय ती पुरत नाही असं म्हणायला आधार नव्हता. तीच गोळी, रोज. तीच औषधं जनऔषधी केंद्रात महिन्याला शंभर रुपयांच्या आत बसतात हे सांगितलं, तेव्हा काकाजींचा चेहरा बदलला नाही. किंमत हा मुद्दा नव्हताच.

खरा तोडगा काकूंनी सुचवला. "यांले पगार सुरू करून द्या कोणीतरी," त्या म्हणाल्या. अठरा लाखांशी त्यांचा काही संबंधच नसल्यासारखं त्यांचं चाललं होतं. हजार रुपयांची भिशी, तिचा नंबर कधी लागणार याची उत्सुकता, उन्हाळ्यात कुरडयांची ऑर्डर. त्यांच्या भिशीतली एक बाई पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. तिच्याकडून त्यांनी सगळी माहिती आधीच काढून ठेवलेली होती, नवऱ्याला पटवायला फक्त डॉक्टरचं तोंड हवं होतं. डॉक्टरने पोस्टाच्या योजनांत पडावं का, हा प्रश्न मला कोणी विचारला तर माझ्याकडे उत्तर आहे: रुग्णाच्या दाबाचं कारण तिथे असेल तर पडावं, पण कमिशन आणि सल्ला या दोन्हीपासून लांब राहून. मी फक्त वही वाचून दाखवली.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२५ मध्ये ८.२ टक्के व्याज मिळत होतं. साठच्या आतला, पण पंचावन्न पूर्ण करून निवृत्त झालेला माणूसही त्यात जाऊ शकतो. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवायचे. काकाजींचे तीन महिने मार्चमध्ये संपले होते, प्लॉट की फ्लॅट या वादात. उरली पोस्टाची मासिक प्राप्ती योजना, ७.४ टक्के, वयाची अट नाही, एकट्याला नऊ लाख आणि जोडखात्यात पंधरा लाखांची मर्यादा. पंधरा लाखांवर महिन्याला ९,२५० रुपये. दोन योजनांमधला फरक वर्षाला बारा हजारांचा. घोळ घालण्याची किंमत म्हणून तो लागला, पण ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज तिमाही येतं आणि या माणसाला दर महिन्याला काहीतरी जमा झालेलं दिसणं औषधाइतकंच गरजेचं होतं. म्हणून मला व्यक्तिशः त्या बारा हजारांची फार हळहळ वाटली नाही. काकूंना वाटली, अजून वाटते.

जूनमध्ये सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिसात जाऊन खातं उघडलं. घराजवळ पोस्ट आहे, पण एवढी रक्कम ठेवायची तर मोठंच ऑफिस पाहिजे, हा काकाजींचा हट्ट.

दवाखान्याच्या भीतीचं काम त्याहून सोपं निघालं. निवृत्तीच्या वेळी एकूण पगार २१,००० च्या आत असल्याने ते शेवटपर्यंत ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत होते. किमान पाच वर्षं विमा असलेला कामगार निवृत्त झाला की वर्षाला १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला उपचार चालू ठेवता येतात. कंपनीतून निघताना हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. सोमवारीपेठेतलं कामगार विमा रुग्णालय त्यांना ओळखीचं, नोकरीत असताना बोट कापलं तेव्हा टाके तिथेच पडले होते. त्याशिवाय महात्मा फुले जनआरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. यादीतलेच उपचार आणि यादीतलीच रुग्णालयं, हे बजावून सांगितलं. तरी हृदयाची शस्त्रक्रिया त्यात येते हे कळल्यावर दवाखान्यासाठी बाजूला काढलेल्या लाखांचं ओझं बरंच उतरलं असावं, कारण पुढच्या भेटीत शेजाऱ्याच्या बायपासचा विषय पहिल्यांदाच निघाला नाही.

जुलैत पहिलं व्याज जमा झालं. दाब १४२/८८. आता महिन्याची जमा १६,६५० रुपये: पेन्शन, पोस्ट, भाडं. जुन्या पगारापेक्षा थोडीच कमी. वहीत जूनपासून पुन्हा "२ पत्ते". सप्टेंबरमध्ये १३४/८४, पीएचक्यू-९ चे गुण ५. डिसेंबरच्या थंडीत, जेव्हा माझ्याकडचे अर्धे रक्तदाबवाले वर चढलेले असतात, यांचा १३२/८२.

दाब उतरवला तो गोळीनेच, यात वाद नाही. दिवसाआडची गोळी रोजची झाली की दाब उतरणारच, त्याला पोस्टाची गरज नाही. पण गोळी रोजची व्हायला काय लागलं हा प्रश्न उरतोच. "रोज घ्या" हे मी त्यांना मेमध्ये सांगितलं होतं. वहीप्रमाणे दुसरा पत्ता आला तो जूनच्या शेवटी, खातं उघडल्यावर. झोप तर गोळीने येत नाही. पासबुक छापायला ते आता महिन्यातून एकदा जातात, व्याज जमा झाल्यावर. मटण परत आलं, पण दर रविवारी नाही; मी मिठाचं बोललो होतो, त्याचा उपयोग काकूंनी करून घेतला. पेपर परत आला नाही, तो आता टपरीवर वाचला जातो.

काही गोष्टी तशाच राहिल्या. उरलेल्या तीन लाखांतले दोन लाख मुलाला दिले, पाचऐवजी दोन, आणि पुण्याचा फोन काही आठवडे आला नाही. नंतर आला. प्लॉट घेतला नाही, त्यामुळे मेहुणे दिवाळीला आले नाहीत. काकूंना त्याचं वाईट वाटलं, काकाजींना नाही. लाखभर रुपये बचत खात्यात आहेत आणि त्यांना हात लावायचा म्हटलं की अजूनही पोटात गोळा येतो. या उन्हाळ्याआधी ताट्या बदलायच्या की नाही यावरून घरात दोन मतं आहेत.

सप्टेंबर २०२६ मध्ये त्यांना साठ पूर्ण होतील, मग ज्येष्ठ नागरिक योजना उघडी होईल. काकूंच्या एजंट मैत्रिणीने हिशेब करून दिलाय: मासिक प्राप्तीचं खातं तीन वर्षांच्या आत मोडलं तर दोन टक्के, म्हणजे तीस हजार कापले जातील, नव्या योजनेत दर हाच राहिला तर वर्षाला बारा हजार जास्त, उरलेल्या पावणेचार वर्षांत पंचेचाळीस हजार, निव्वळ फायदा पंधरा हजार. काकू तयार आहेत. काकाजींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "तीन महिन्यांनी कोणाचा पगार होते का जी?"